टिन पॅरट्स साम्राज्याचा अस्त

देवयानीचं ठरलं होतं. यंदा दुसरी घंटा व्हायच्या आत शेवटचं वाक्य बोलायचं म्हणजे बोलायचं, मग लंडनजवळच्या स्लाऊचं कम्युनिटी सेंटर डोक्यावर कोसळलं तरी बेहत्तर.

गेल्या वर्षी मंडळाच्या गणपतीत, वक्तृत्व स्पर्धेत, तिची पार दातखीळ बसली होती. अडीच मिनिटांची पहिली घंटा झाली, समोर दोनशे माणसं, आणि डोक्यात कोरा कागद. ती स्टेजवरून उतरली ती थेट कार पार्कमध्ये. घंटा वाजवणारे होते कमलाकरकाका, ब्रॅकनेलच्या कुठल्याशा ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळणारे. एका हातात पूजेची घंटा, दुसऱ्या हातात स्टॉपवॉच, आणि तोंडातून अवाक्षर नाही. मंडळाचे अध्यक्ष राजीवकाका म्हणजे त्यांच्या सख्ख्या बहिणीचे यजमान, पण त्यांचंही भाषण काकांनी तीन मिनिटांवर कापलं होतं.

पण ते २००५ झालं. आता ती पंधरा वर्षांची होती आणि तिच्याकडे टिन पॅरट्स होते.

विषय होता ‘एका साम्राज्याचा उदय आणि अस्त’. तिच्याआधी चार मुलांची चार वेळा मराठेशाही बुडवून झाली होती.

“रोमन घेतले असतेस तर काय बिघडलं असतं?” आई तिची ओढणी पिनअप करत पुटपुटली.

“रोमन सगळ्यांकडे आहेत, मम. पॅरट्स फक्त माझ्याकडे आहेत.”

आणि ती माइकपाशी गेली. स्टॉपवॉच सुरू झालं.

“अध्यक्ष महोदय, साम्राज्याला सैन्य लागतं असं कोण म्हणतं? ऑस्ट्रेलियातल्या जीलॉन्ग गावात १९७९ साली चार मुलं एका गॅरेजमध्ये जमली आणि टिन पॅरट्स हा बँड झाला. त्यांनी पॉवर पॉप वाजवलं. म्हणजे काय, तर गिटार झणझणीत, गाणं तीन मिनिटांचं, आणि रडायची गोष्टसुद्धा उड्या मारत सांगायची.”

मागून कुणीतरी हसलं. देवयानीला ते हसू गुदगुल्यांसारखं लागलं. ती सुसाट सुटली. जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमध्ये मिळालेली त्यांची एकुलती एक रेकॉर्ड. कव्हरवरचे चार हिरवे टाय. ड्रमर इतका केसाळ की चेहराच दिसत नाही, आणि नावाच्या जागी नुसतं ‘के’. अॅडलेडच्या एका चाहत्यानं बनवलेली वेबसाइट, जी तिनं पाठ केली होती. सतरा महिने, अकरा गाणी, आणि मग लंडनच्या कार्यक्रमाचं आमंत्रण.

“विमान सुटायची वेळ झाली. तिघं आले. ड्रमर आलाच नाही. तिघं तिथेच भांडले, तिथेच बँड फुटला. प्रत्येक साम्राज्यात एक फितूर असतो. टिन पॅरट्सचा फितूर होता पळपुटा के...”

घंटा झाली.

इतक्यात? सभागृहानं माना वळवल्या. कमलाकरकाका उभे राहिले होते.

“घड्याळ थांबवलंय,” ते म्हणाले. “तुझी बावन्न सेकंदं शिल्लक आहेत. पण के पळाला नाही. के विमानतळावरच होता. दुसऱ्या विमानात.”

राजीवकाकांच्या बायकोनं, आशाकाकूंनी, वळून पाहिलं.

“मी तेव्हा तिथे कॉलेजात होतो, आणि घरी ताईचं लग्न आठ दिवसांत ठरलं. मी एकटाच भाऊ. कानपिळीला नवऱ्याचा कान पिळणार कोण? मी सिंगरच्या घरी चिठ्ठी ठेवली होती. ती त्याला मिळाली नाही, एवढंच.”

“कमू,” पहिल्या रांगेतून आशाकाकू म्हणाल्या, “तू तर म्हणालास कॉलेजला सुट्टी होती.”

“सुट्टी होती, ताई. मी घेतली होती.”

“आणि इतका जोरात पिळलास,” राजीवकाका कान चोळत म्हणाले, “तेव्हाच मला शंका आली होती.”

सभागृहात हशा पिकला. हसू थांबेपर्यंत कमलाकरकाका बसले, नेहमीसारखे सरळ, अंगठा स्टॉपवॉचवर. “चालू करू?”

देवयानीनं हातातल्या कार्डाकडे पाहिलं. शेवटचं वाक्य होतं: फितुराला इतिहास क्षमा करत नाही. आठवडाभर आरशासमोर घोकलेलं. ते आता चालणार नव्हतं, आणि दुसरं तिच्याकडे नव्हतं. डोक्यात पुन्हा तोच कोरा कागद. फक्त या वेळी तो कागद तिला फार आवडला.

“करा,” ती म्हणाली.

“अध्यक्ष महोदय, वेबसाइट चुकली आणि मीही चुकले. मी आज घरी जाऊन अॅडलेडला ईमेल करणार आहे.” पहिली घंटा झाली. तिचे पाय जागचे हलले नाहीत. “कुणी दारूगोळा संपला म्हणून बुडतं, कुणी भाऊबंदकीनं. टिन पॅरट्सचं साम्राज्य बुडलं ते एका कानासाठी. आणि मंडळी, तो कान आज आपला अध्यक्ष आहे.”

टाळ्या उठायच्या आत तिनं टेबलाकडे पाहिलं. दुसरी घंटा अजून झाली नव्हती.

“चार सेकंदं उरली,” कमलाकरकाका म्हणाले. त्यांनी घंटा खाली ठेवली, गुण लिहायच्या दोन पेन्सिली उचलल्या आणि एकमेकींवर आपटल्या, ड्रमर गाणं सुरू करताना काठ्या आपटतो तशा. वन, टू, थ्री, फोर.