ऑगस्टचं मुखपृष्ठ

वाचनालयाच्या भिंतीवर अकरा चौकटी लागल्या होत्या आणि बाराव्या जागी नुसताच खिळा होता. लोक चित्रं बघत होते. म्हातारा बाइंडर मात्र दाराकडे बघत होता.

चाळीस वर्षांपूर्वी याच वाचनालयाची मासिकं तो बांधत असे. वर्षाचे बारा अंक एकत्र शिवायचे, कापडी पुठ्ठा चढवायचा आणि मूळची रंगीत मुखपृष्ठं काढून टाकायची, अशी रीत. टाकायला त्याचा हात धजला नाही. ट्रंकेत एकावर एक रचून ठेवली. टाकाऊ खरी, पण विचारून थोडीच घेतली होती? म्हणून चौकटी करताना त्याने पांढऱ्या पुठ्ठ्याची किनार मुद्दाम रुंद ठेवली, कोपऱ्यातला वाचनालयाचा शिक्का झाकेल एवढी. ते पाहून बायको म्हणाली होती, चोराच्या मनात चांदणं.

नव्या ग्रंथपालाने घरी येऊन प्रदर्शनाची गळ घातली तेव्हा याला नाही म्हणता आलं नाही. आणि आज सकाळी कळलं की उद्घाटनाला जुन्या ग्रंथपाल बाई येणार. पान दुमडलेलं दिसलं तरी वाचकाला उभं-आडवं घेणाऱ्या बाई!

त्या आल्या. काठी टेकत एकेका चित्रापाशी थांबल्या. तिसऱ्या चौकटीच्या किनारीवर त्यांनी बोट ठेवलं.

"शिक्का याच्याखाली आहे ना?"

बाइंडरने मान डोलावली.

"दर गठ्ठ्याबरोबर मी चिठ्ठी द्यायचे. आठवते?"

न आठवायला काय झालं? 'मुखपृष्ठे फाडू नयेत, अलगद सोडवावीत.' फेकायची ती अलगद कशाला, हे कोडं त्याला कधी सुटलं नव्हतं.

"ठेवून घ्या असं लिहिता येत नव्हतं हो," बाई म्हणाल्या. "नियम होता. म्हटलं, समजून घ्याल."

"समजलं नव्हतं, बाई. आवडली म्हणून ठेवली."

"मग झालं तर."

त्याच्या छातीवरचा धोंडा निम्मा उतरला. उरलेला त्याने स्वतःच पुढे केला. खिळ्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, या बारा अंकांतलं ऑगस्टचं माझ्या हातून गेलं, कातरणात फेकलं गेलं असावं, अजून जीव हळहळतो.

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "शिडीवर चढून भिंतीवरचं घड्याळ पुसणाऱ्या बाईचं चित्र ना? ते तुमच्याकडे आलंच नव्हतं. माझ्या स्वयंपाकघरात आहे. गठ्ठा बांधायच्या आधीच मी काढून घेतलं."

मागून बायको म्हणाली, "म्हणजे टोळीच होती म्हणायची."

बाई तोंडाला पदर लावून हसू लागल्या. बाइंडरलाही हसू आवरेना. हसता हसता तो खुर्ची ओढून मटकन बसला.

दुसऱ्या दिवशी ऑगस्ट आला, कडेला फोडणीच्या तेलाचे दोन डाग घेऊन. त्याने नवी किनार कापली, बोटभरही रुंद नाही. खिळ्यावर चौकट चढवली तेव्हा कोपऱ्यातला जांभळा शिक्का सरळ दिसत होता.

चौकट जराशी वाकडी लागलीय, असं बायको म्हणाली. राहू दे, म्हणाला.