'येतो' म्हणून गेलेले पाणी

या मित्रांनो, असे जवळ येऊन बसा. बुवा अजून चहा घेत आहेत. कीर्तन सुरू होईपर्यंत या सभामंडपाची गोष्ट सांगतो.

मी एक जुने घमेले आहे. महाडच्या बाजारातून पोलादपूरकडच्या या वाडीत आलो आणि देवळाचा झालो. माझ्यातून माती गेली, शेण गेले, भंडाऱ्याची वांगीसुद्धा गेली.

मंडपाचा स्लॅब ठरला, तेव्हा मुंबईकर मंडळाच्या भरतने सगळी जुळवाजुळव केली. खडी, वाळू, सिमेंट, मिक्सर आणि घरटी दोन हात. विहिरीत जेमतेम पिण्यापुरते पाणी, म्हणून टँकरवाल्या मंगेशला चहाला बोलावून सगळे सांगितले. "बरं, येतो," म्हणून तो उठला. भरत निश्चिंत झाला.

स्लॅब एका दमात पडावा लागतो, नाहीतर सांधा गळतो. त्यात मुंबईकरांची रजा दुसऱ्याच दिवशी संपत होती.

नारळ फुटला. मी हातोहात वर जाऊ लागलो. अर्धा स्लॅब झाला आणि पिंपातले पाणी तळाला गेले. टँकरचा पत्ता नाही. भरतने फोन लावला.

"मंगेश, कुठं हायस तू?"

"सव गावाला, लग्नात. का रं दादा?"

"तू येतो म्हणालास ना?"

"अरे, ते निघताना म्हणालो. चहा पिऊन उठताना 'जातो' म्हणू काय?"

मिक्सर घरघरत राहिला. तेव्हा देवळाची झाडलोट करणाऱ्या राहीबाई उठल्या.

"चला गो, हंडे काढा. विहीर काय लग्नाला गेली नाय. उद्या पिण्याचं झऱ्यावरनं आणू."

विहिरीपासून मिक्सरपर्यंत बायकांची रांग लागली. भरतनेही हंडा उचलला.

"चुंबळ ठेव रे डोक्यावर, टक्कल पडंल," रांगेतली एक काकी म्हणाली.

"ते मुंबईतच पडलं, काकी."

दिवेलागणीला स्लॅब पुरा झाला. बाकीची घमेली तशीच पडून राहिली आणि सकाळी त्यांच्यात सिमेंट दगडासारखे बसले. मला मात्र राहीबाईंनी सिमेंट ओले असतानाच काथ्याने घासले. भरत शेजारी मान खाली घालून बसला होता.

"जीवाला नको लावू, भरता," त्या म्हणाल्या. "देवासमोरनं आपण पण 'येतो' म्हणूनच उठतो. तो बिचारा खरं धरून बसतो."

त्या एका धुण्याने मी पुढे कितीतरी वर्षे राबलो. तळ गळू लागला, तेव्हा राहीबाईंनीच माझ्यात ही तुळस लावली. आता त्या नाहीत. तुळशीला पाणी कधी मिळते, कधी नाही.

टाळ वाजले बघा. मित्रांनो, काम झाले की भांडे धुऊन पालथे घालत जा. आणि कीर्तन संपल्यावर देवाला 'येतो' म्हणाल ना, तेव्हा राहीबाईंना आठवा. आणि खरेच या.