तिरप्या रेघेतला आकडा

रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून भीमाबाई मेश्राम रोज पेपरातलं सुडोकू सोडवायच्या, तेही पेनानं. एके दिवशी लेकीनं, नीलिमानं, त्यांना मोबाइलवर वेगळंच कोडं दाखवलं. कुणीतरी शहरातल्याच मदनमहालच्या टेकडीवर एक डबी लपवली होती. सुडोकूतल्या रंगीत घरांतले आकडे ओळीनं मांडले की त्या जागेचे अक्षांश-रेखांश मिळायचे. चार वर्षांत डबी कुणालाच सापडली नव्हती.

"कोणालेच नाही?" भीमाबाईंनी विचारलं, आणि दोन दुपारी त्या कोड्याला देऊन टाकल्या.

रविवारी सकाळी मायलेकी टेकडी चढल्या. मोबाइलनं दाखवलेल्या जागी दगड उलथले, पाचोळा चाळला. तास गेला, हाती काही नाही.

"आई, चलो. कोणी घेऊन गेलं असेल," नीलिमा म्हणाली.

"काहून घेऊन जाईल? थांब वं. माझंच कुठंतरी चुकून राहिलं."

त्या खडकावर टेकल्या आणि पिशवीतून कागद काढला. एका ठिकाणी चार घरांत चार आणि सात कसेही बसत होते. कंटाळून त्यांनी तिथं अंदाजानं भरलं होतं. उभ्या आयुष्यात कधी पार्सलाचं वजन अंदाजानं लिहिलं नव्हतं. आता त्यांनी वरची बारीक ओळ वाचली: दोन्ही तिरप्या रेघांतही प्रत्येक आकडा एकदाच. त्यातलं रंगीत घर तिरप्या रेघेवर होतं, आणि त्या रेघेत चार आधीच होता. म्हणजे इथं सात!

"हात्तिच्या! नियमच नाही वाचला मी."

नव्या आकड्यानं खूण साठेक मीटर उत्तरेला सरकली. तिथं दोन खडकांच्या फटीत, चपट्या दगडाआड, हिरवी डबी होती. आत छोटी वही आणि पेन्सिल. वही कोरी होती. भीमाबाईंनी पहिल्या पानावर सावकाश पूर्ण नाव लिहिलं, तारीख टाकली.

नीलिमानं तिथूनच कोडं करणाऱ्याला मोबाइलवरून कळवलं. टेकडी उतरेपर्यंत त्याचं उत्तर आलं: नेपियर टाउनात राहतो. चहाला याल का?

दार उघडलं ते रत्नाकररावांनी. एकेकाळी ते कोचिंग क्लासात गणित शिकवायचे. गुडघ्यांमुळे दोन वर्षांत टेकडीवर गेले नव्हते.

"डबी आहे की वाहून गेली, तेच कळत नव्हतं," ते म्हणाले. "ताई, आधी चुकलात का कुठे?"

"तिरपी रेघ."

ते मनापासून हसले. "तिथेच सगळे अडकत असणार."

भीमाबाईंनी बशीत चहा ओतला, पण प्यायल्या नाहीत. ऑटोत बसल्यापासून एक गोष्ट त्यांच्या डोक्यात घोळत होती.

"सर, एक बोलू? डाव्या कोपऱ्यातला नऊ तुमी उगाच देऊन ठेवला. तिरप्या रेघेवरून तो आपोआप निघते."

"निघत नाही," रत्नाकरराव म्हणाले. मग थबकले. कागद-पेन्सिल घेऊन, नऊ वगळून, पहिल्यापासून सोडवायला बसले. वीस मिनिटं गेली. नीलिमानं दोनदा घड्याळ पाहिलं.

अखेर त्यांनी पेन्सिल ठेवली. "निघतो. चार वर्षं माझ्या लक्षात आलं नाही." त्यांनी कोऱ्या चौकटीचा कागद भीमाबाईंपुढे सरकवला. "पुढचं कोडं तुम्ही करा. डबी मी देतो."

"मले बनवता नाही येत, सर."

"मग सुरुवात कुठून कराल, तेवढं तरी सांगा."

भीमाबाईंनी चष्मा सारखा केला. "मधल्या घरापासून. दोन्ही तिरप्या रेघा तिथंच भेटतात," त्या म्हणाल्या, आणि तिथं पाच लिहिला.