हात न लावलेला फोटो

"अहो, माझे बाबा कुठे गेले?"

आम्ही दुरुस्त करून दिलेला फोटो काउंटरवर ठेवत बाईंनी विचारलं आणि मी आमच्या यांच्याकडे पाहिलं. स्टुडिओ आमचा दोघांचा; फोटो काढायचे, जुने दुरुस्त करायचे ते यांनी, आणि गिऱ्हाईक सांभाळायचं मी. साफसफाईचा यांना भारी सोस. घरात इकडची काडी तिकडे करणार नाहीत, पण फोटोतला कण न् कण टिपतील.

फोटोत अंगणातल्या गवतावर आई आणि दोन मुली. पुरुषमाणूस त्यात आधीही नव्हता.

"खाली कडेला सावली होती ना, कॅमेरा धरलेल्या माणसाची," बाई म्हणाल्या. "ते बाबा. कायम तेच फोटो काढायचे, म्हणून स्वतः एकातही नाहीत. आमच्याकडे त्यांचं तेवढंच होतं."

यांचा चेहरा पांढराफटक पडला. "मला वाटलं, काढणाऱ्याची चूक झालीय. म्हणून पुसली हो."

मूळ फोटो ओल लागून काचेला चिकटलेला. सोडवताना खालची कड काचेबरोबरच गेली होती. हे कॉम्प्युटरकडे वळले. फोटो सोडवण्याआधी यांनी काचेसकट त्याची एक प्रत घेतली होती; साफसफाई तिच्या नकलेवर केलेली, ही तशीच होती. ती पडद्यावर उघडली. डाग, बुरशी, ओरखडे, आणि खाली गवतावर डोकं, खांदे, वर उचललेली कोपरं. मी मनातल्या मनात हात जोडले.

"आता अजिबात हात लावत नाही," हे म्हणाले. "अशीच्या अशी छापतो."

बाईंनी डोळे पुसले. "सावली थोडी गडद कराल? आईला आता कमी दिसतं."

"मग हात न लावलेला कसा म्हणायचा?"

"उन्हानं, ओलीनं लावलाच की आजवर. तुम्ही जरा मायेनं लावा."

हे तासभर सावलीवर बसले. जाताना बाई म्हणाल्या, "फार उपकार झाले तुमचे." ज्यानं त्यांचा बाप पुसला, त्याचे उपकार! यांना मान वर करवेना. मला मात्र त्या बाईंचे पाय धरावेसे वाटले.

कारण घरी माझे फोटो ढीगभर, सगळे यांनी काढलेले. हे एकातही नाहीत, आणि कामात इतके चोख की सावलीसुद्धा कधी येऊ दिलेली नाही. मी कॅमेरा उचलला.

"उभे राहा तिथे."

"अगं, दाढी वाढलीय. नंतर फोटोत साफ करावी लागेल."

"खबरदार, हात लावलात तर!"

आयुष्यभर लोकांना नीट उभं करणारा माणूस भिंतीपाशी ताठ उभा राहिला आणि मला विचारू लागला, "हात कुठे ठेवू गं?"