सुशीलाक्कांचा ळ

इंदुमतीने एंटर दाबले आणि कान स्पीकरजवळ नेला. संगणक सपाट, किंचित नाकातल्या आवाजात वाचू लागला. शाळेच्या फळ्यावर वेळ लिहिल्याचे एक साधे वाक्य.

“हौदु, बरोबर आहे बघ,” समोरच्या खुर्चीत ताठ बसलेल्या सुशीलाक्का म्हणाल्या. “ळ स्वच्छ आला.”

तीन आठवडे त्या हेच सांगत होत्या. त्यांनी धारवाडच्या शाळेत तीस वर्षे मराठी शिकवले होते. काचबिंदूने नजर गेल्यापासून पेपरसुद्धा दुसऱ्याच्या सवडीने ऐकावा लागे. म्हणून इंदुमतीने उच्चार तपासायला याल का विचारताच त्या विद्यानगरच्या या दोन खोल्यांच्या कचेरीत येऊ लागल्या.

मजकूर वाचून दाखवणारे हे पॅकेज परदेशातल्या कुणीतरी लिहून सगळ्यांना फुकट दिले होते. त्याला ळ येत नव्हता. ते ल म्हणायचे. इंदुमती आपल्या फोल्डरमध्ये त्याची प्रत घेऊन ती दुरुस्त करत होती. सोमवारी दुरुस्त प्रतीच्या सीड्या अंधशाळेत जायच्या होत्या. तिथली मुले यंत्र म्हणेल तसेच म्हणणार होती.

हजारदा ऐकून तिच्या स्वतःच्या कानाला ल आणि ळ यांतला फरक कळेनासा झाला होता. आपली दुरुस्ती खरेच चालते का, हे पाहिल्याशिवाय आज तिला राहवेना. तिने दुरुस्त प्रतीत एक ओळ घातली, सुरू होताच ‘नमस्कार’ म्हणण्याची, आणि पुन्हा एंटर दाबले.

नमस्कार आलाच नाही. संगणकाने थेट फळ्याचे वाक्य वाचले.

ती पडद्याकडे पाहत राहिली. यंत्रात दोन प्रती होत्या, आधी बसवलेली आणि तिची. संगणक दर वेळी आधीचीच उचलत होता. तिची प्रत एकदाही चालली नव्हती.

“अक्का, तीन आठवडे आपण जुनंच ऐकतोय. त्यात ळ नाहीच.”

सुशीलाक्कांनी पदर मांडीवर नीट केला.

“ऐकू येत होतं मला,” त्या म्हणाल्या. “पहिल्या दिवशी ‘नाही’ म्हटलं, तर तुझा आवाज पडला. मग वाटलं, पोरगी एवढी धडपडतीय. अर्थ तर लागतोय की.”

इंदुमतीने जुनी प्रत काढून टाकली. या वेळी नमस्कार आला. मग तिने शब्दांची यादी केली, माळ, माल, गाल, गाळ, वेळ, वेल, आणि ती उलटसुलट केली.

“आता वाक्य नाही. एकेक शब्द. कानावर पडेल तसाच म्हणायचा.”

“आणि तुझा आवाज पडला तर?”

“पडू दे.”

शब्द येत गेले. अक्का ते जसेच्या तसे म्हणत गेल्या आणि इंदुमती कागदावर खुणा करत गेली. पडद्यावर ‘पोळ्या’ आले.

“पोल्या,” अक्का म्हणाल्या. “चूक. जोडाक्षर आलं की याची जीभ सरळच राहतीय.”

पुढे ‘गोळ्या’ चुकले, ‘काळ्या’ चुकले. अक्कांचा आवाज हळूहळू वर्गातला होत गेला.

साडेपाचला त्या उठल्या. “किती चुका झाल्या?”

“सात.”

“उद्या दहालाच येते.” दारापाशी चपला पायाने चाचपत त्या थांबल्या. “आणि इंदू, मला चहा विचारू नकोस. चहा घेतला की ‘नाही’ म्हणवत नाही.”