रावजींच्या कपाळावरचा वॉटरमार्क

मी वॉटरमार्क बोलतोय. ओळखलं नाहीत ना? कॉम्प्युटरवर चित्र तयार केलं आणि त्या सॉफ्टवेअरचे पैसे भरलेले नसले, की चित्रावर कंपनीचं नाव उमटतं, तिरकं, फिकट, राखाडी. तोच मी. नाव काय ते सांगत नाही. जन्मभर फुकट जाहिरात केली, आता पुरे.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी ऑफिसातल्या थंडगार हवेत झाला. चित्र खराब करायचं, पण बघणाऱ्याला चुटपुट लागेल इतकंच, एवढं एक काम मला शिकवलं. नवरदेवाचं नाक, पुढाऱ्याची मिशी, बारशाचं बाळ, मी कुणालाच सोडलं नाही. पैसे भरले की मी नाहीसा होतो. म्हणजे माझं सगळं आयुष्य स्वतःच्याच मरणाची वर्गणी गोळा करण्यात गेलं.

पोलादपूरला मी उज्ज्वलाताईंच्या दुकानात आलो. एस.टी. स्टँडसमोर त्यांचं छोटंसं दुकान आहे. लग्नपत्रिका, बॅनर, पासपोर्ट फोटो, सगळं तिथे करून मिळतं. आधी त्या महाडच्या बाजारपेठेत होत्या. तेव्हा त्यांच्याकडे सीडीवरचं सॉफ्टवेअर होतं. मिक्सर घ्यावा तसं एकदाच घेतलेलं. एकवीस सालच्या पुरात कॉम्प्युटरही गेला आणि सीडीही चिखलात गेली. नवीन घ्यायला गेल्या तर विक्रेता म्हणाला, "आता विकत मिळत नाही ताई. महिन्याचं भाडं भरायचं."

"म्हणजे ते माझं कधी होणार?"

"कधीच नाही," तो अगदी आनंदाने म्हणाला.

ताईंनी वर्षभर मुकाट्याने भाडं भरलं. पण पावसाळ्यात पोलादपुरात बॅनर लावतो कोण? आज बांधला तर उद्या आंबेनळी घाटात सापडायचा. म्हणून जूनमध्ये त्यांनी भाडं बंद केलं. कंपनीच्या कॅलेंडरात पावसाळा नसावा. 'आम्हाला तुमची आठवण येते' अशी पत्रं रोज येऊ लागली. "एवढी आठवण माहेरच्यांना येत नाही," असं म्हणत ताई ती काढून टाकायच्या. लग्नं पावसाळ्यात थांबतात हो, मरणं थांबत नाहीत.

जुलैत एका सकाळी साळूबाई दुकानात आल्या. वरच्या वाडीतल्या रावजींची ही बायको. सोबत मुंबईहून आलेला मुलगा दीपक होता. रावजींना जाऊन बारा दिवस झाले होते. घरात त्यांचा एकच फोटो निघाला, तोही कुणाच्या तरी लग्नातला, दहाजणांच्या मागे उभे असलेले.

"ह्यातून बाबांना बाहेर काढायचंय," दीपक म्हणाला. "आणि एक ब्लेझर टाका, डिसेंट वाटलं पायजे."

"बिलेझर कशाला रे?" साळूबाई म्हणाल्या. "सदऱ्यातच ऱ्हाऊ दे. टोपी तेवढी कापू नको गो बाय. उद्या तेरावा हाय."

ताईंनी दुपारभर मान वर केली नाही. रावजींच्या खांद्यावरचा परका हात पुसला, टोपीची कड सुईत दोरा ओवावा तशा नेटाने सोडवली. माणूस गर्दीतून अलगद बाहेर आला. मग ताईंनी छपाईचं बटण दाबलं आणि मी हजर! टोपीच्या खालून थेट गालापर्यंत.

ताई पैसे भरायला बसल्या. दुकानात वायरचं इंटरनेट होतं, पण मोबाईलला रेंज नव्हती. ओटीपी यायचा तो स्टँडच्या पायरीवर. ताई छत्री घेऊन पळायच्या, आकडे पुटपुटत परत यायच्या, तोवर वेळ संपलेली असायची. तिसऱ्या फेरीनंतर बँकेने कार्डच दिवसभरासाठी बंद केलं. फोटो तिथून तरी छापून घ्यावा म्हणून पायरीवरूनच महाडच्या ओळखीच्या दुकानात फोन लावला, तर सावित्री नदीचं पाणी वाढलं म्हणून बाजारपेठ बंद. शेवटी त्यांनी कंपनीच्या मदत-खिडकीत लिहिलं. यंत्र उत्तरलं, 'तुमच्या भावना आम्ही समजू शकतो.'

'भावना राहू द्या. उद्या एका माणसाचा तेरावा आहे!'

'अभिनंदन! तुमच्या समारंभासाठी दहा नवे नमुने पाहा.' पहिल्याच नमुन्यात फुगे होते.

त्या दिवशी मला पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली. पण मला हलता येत नाही.

शेवटी ताईंनी माझ्यासकटच फोटो फ्रेममध्ये बसवला. संध्याकाळी आईला घेऊन आलेला दीपक तो बघून तडकला. "हे काय ताई? फुकटचं वापरता काय तुम्ही?"

साळूबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी माझ्यावर बोट ठेवलं. "ह्यांच्या कपाळावर काय लिवलंय गो?"

"कंपनीचं नाव आहे, आजी."

"ह्यांनी जन्मात कुणाची चाकरी केली नाय. आता मेल्यावर कुणाचं नाव लावतेस?"

ताईंचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाला खराब काम दिलं नव्हतं. "मी बदलून देईन आजी. स्वतः घरी आणून देईन," एवढंच त्या बोलल्या. तेराव्याला गंध आणि हार यांच्याखाली मी बराचसा झाकला गेलो, तरी दोन अक्षरं बाहेर डोकावत होतीच.

ऑगस्टमध्ये ताईंनी पैसे भरले. महिन्याचे भरायला गेल्या, वर्षाचा करार गळ्यात पडला. त्या करारात 'चेहरा सुधारा' अशी एक नवी सोय होती. एवढे भरलेत तर वापरून बघू, म्हणून ताईंनी ती दाबली. मग नवी फ्रेम पिशवीत घालून, एस.टी.ने आणि पुढे चिखलातून चालत त्या वाडीवर आल्या.

साळूबाईंनी मला खुंटीवरून उतरवून खाली ठेवलं आणि नवी फ्रेम घेऊन दारातल्या उजेडात गेल्या.

"हा कोण गो?"

"रावजीबाबाच की. बघा, नाव पण गेलं."

"ह्याच्या आठ्या कुठं हायत? कानाजवळचा चामखीळ? हा तर दीपकपेक्षा ल्हान दिसतो." त्यांनी फ्रेम ताईंसमोर धरली. "माझा म्हातारा कुठं नेलास गो बाय?"

ताईंनी त्या गोऱ्यागोमट्या रावजींकडे नीट पाहिलं. आपण काय केलं ते त्यांना तेव्हा दिसलं. "चुकलं आजी. परवा साधा काढून आणते."

पण साळूबाईंनी मला उचललं होतं. काचेवरून पदर फिरवून त्यांनी मला पुन्हा भिंतीवर लावलं. "नको आता. ह्या नावाच्या खाली निदान माझा माणूस तरी हाय."

तेव्हापासून मी इथेच आहे. चुलीच्या धुराने पिवळा पडत चाललोय. रोज सकाळी साळूबाई रावजींना गंध लावतात, ते माझ्या तिसऱ्या अक्षरावर बसतं. दुकानातल्या माझ्या भावंडांना ताईंनी केव्हाच पुसून टाकलं. जन्मभर लोकांनी मला घालवण्यासाठी पैसे मोजले. राहू दे म्हणणारी ही पहिलीच बाई.

तुमच्याकडे एकच विनंती आहे. मी इथे आहे हे कंपनीला कळवू नका. कळलं, तर ते साळूबाईंकडे रावजींचं महिन्याचं भाडं मागायला येतील.