कानतुटी

एक वर्ष आणि चार दिवस परमुलखात काढून नामाजी सिद्धेश्वरच्या धरणाकाठी आपल्या माळावर परतला, तेव्हा त्याचे पहिले स्वागत त्याच्याच कुत्र्याने केले, आणि तेही दात दाखवून.

“गबऱ्या, अरे मी हाय,” नामाजी म्हणाला.

गबऱ्याला ते पटले नाही. ज्याला लहानपणी भाकरी चावून भरवली, तोच त्याच्या नव्या बुटांभोवती गुरगुरत फिरू लागला. नामाजी हातातील पेटीसह जागच्या जागी खिळला. परतीच्या प्रसंगाची पुष्कळ चित्रे त्याने वाटेत मनात रंगवली होती. त्यांपैकी एकाही चित्रात कुत्रा भुंकत नव्हता.

मेंढरे कोंडण्याच्या जाळीच्या वाड्यापाशी त्याची पत्नी कौशल्याबाई उकिडवी बसली होती. तिच्या मांडीवर आई मेलेले एक कोकरू होते. दुसऱ्या एका मेंढीचे दूध तळहातावर पिळून ती ते कोकराच्या पाठीला, मानेला, शेपटीला चोळीत होती. मेंढीला परके कोकरू लावायचे असले म्हणजे असेच करावे लागते. मेंढी लेकराला नाकाने ओळखते. आपल्या दुधाचा वास आला तर ती पाजते, नाही तर टक्कर देऊन दूर लोटते.

“आलात?” कौशल्याबाईने मान वर करून विचारले.

“आलो.”

“बसा. हात भरलेत माझे.”

नामाजी बसला नाही. त्याची दृष्टी वाड्याकडे गेली होती आणि तेथून ती हटेना. मागील पाडव्याच्या सुमारास कळपात रोग शिरला होता. मेंढरांची तोंडे सुजली, नाके गळू लागली, आणि पंचेचाळीसांपैकी अवघी चौदा उरली. त्या दुःखाने नामाजीचे मन मेंढरांवरून उठले. वसमतचा त्याचा मावसभाऊ संतराम हळदीच्या पोत्यांचा ट्रक चालवीत असे. त्याच्या गाडीवर क्लीनर म्हणून नामाजी निघून गेला. उरलेली चौदाही एव्हाना संपली असतील, असेच तो वर्षभर धरून चालला होता. फोनवर कौशल्याबाई प्रत्येक वेळी एवढेच म्हणे, “समदं बराबर हाय.” ते बोल दुःख झाकणाऱ्या बायकोचे आहेत, असा त्याचा समज होता.

आणि आता वाड्यात पन्नासांच्या वर मेंढरे रवंथ करीत बसली होती.

“ही कोणाची?” त्याने विचारले.

“आपली. निम्मी हट्टा गावच्या दोघांची हायेत, अर्धलीनं सांभाळायला घेतली, निम्मी कोकरं आपली या बोलीवर.”

“मला सांगितलं न्हाई.”

“सांगितलं की. समदं बराबर हाय म्हनलं.”

बाभळीखाली बसलेले त्याचे वृद्ध चुलते नाना खोकत खोकत हसले. “ये रे नाम्या, हितं बस. अंगाला कसला वास येऊन राहिला तुझ्या? लग्नाला चाललास का?”

“साबनाचा हाय, नाना.”

“मंग गबऱ्या बराबर भुंकला. त्याला वाटलं, मोजनीवाला साहेब आला.”

सूर्य कलला तेव्हा नानांनी प्रवासाची हकीकत विचारली आणि नामाजी सांगत बसला. सांगली झाली, तमिळ मुलखातील इरोड झाले, पौषातील दिल्लीची हाडे फोडणारी थंडी झाली. विशाखापट्टणमला त्याने समुद्र पाहिला.

“कसा असतो?” नानांनी विचारले.

“पानी लई. नजर पुरत न्हाई.”

“मेंढराला पाजता येतं?”

“न्हाई. खारं.”

“मंग आपलं धरनच बरं,” नाना म्हणाले आणि समुद्राचा विषय तेथेच निकालात निघाला.

बोलता बोलता नामाजीच्या ध्यानात एक विलक्षण गोष्ट आली. हजारो कोसांचा मुलूख आपण पाहिला खरा, परंतु बसून पाहिला. आपण काचेमागे स्थिर होतो आणि पृथ्वीच पळत होती. ज्या पायांनी बालपणापासून कळपामागे माती तुडवली, ते पाय वर्षभर लोखंडी पत्र्यावर ठेवलेले होते. हिंदी आली, विजार आली, सकाळी वासाचा साबण आला. घोंगडी तेवढी गेली. नागपूरच्या पुढे एका ढाब्यावर संतराम नाक धरून म्हणाला होता, “हिला मेंढराची घाण येती, टाक ती,” आणि नामाजीने ती खरोखरच टाकली होती. त्या वेळी त्याला काहीही वाटले नव्हते. आज मात्र ते आठवून त्याचा हात रिकाम्या खांद्याकडे गेला.

“आता परत जायचं न्हाई,” तो शेवटी म्हणाला. “संतरामला कळवायचं राह्यलं. उद्यापासून काठी मी घेतो.”

कौशल्याबाई भाकरी थापीत होती. तिचा हात थांबला नाही.

“घ्या. पन मेंढरं मागं आली पायजेत. सकाळी पान्यावर नेऊन आना. आली तर काठी तुमची. न आली, तर संतराम भाऊजींची गाडी सोमवारी वसमतहून निघून राहिली, तिच्यात बसा.”

“मी धनी हाय त्यांचा.”

“मरताना सोडून गेला तो कसला धनी? येक डाव ती समदी तुमच्या भरवशावर व्हती. फिरून तसं करनार न्हाई मी.”

पंचवीस वर्षांच्या संसारात ही स्त्री त्याच्यासमोर अशी कधी बोलली नव्हती. आणि तिच्या स्वरात रागाचा लवलेशही नव्हता.

सकाळी त्याने वाड्याची जाळी स्वतः उघडली. काठी खांद्यावर आडवी घेतली, धरणाच्या दिशेने दहा पावले टाकली आणि पिढीजात हाक घातली, “हुर्र्र, ये, ये, ये.”

एकही मेंढी हलली नाही.

त्याने पुन्हा हाक दिली. गळ्यातून निघालेला आवाज त्याचा त्यालाच अनोळखी वाटला. ट्रक मागे घेताना वर्षभर त्याच्या पाठी उभे राहून “आन दे, आन दे” असे ओरडण्याने त्या कंठाला एक कर्कश धार चढली होती. मेंढरे दचकली आणि वाड्याच्या दूरच्या कोपऱ्यात एकमेकींत घुसून दाटली. तो जवळ गेला, तशी ती जाळीवर धडका देऊन पळू पाहू लागली. नाना बाभळीखालून पाहत होते. ते या वेळी हसले नाहीत.

एक मेंढी तेवढी पळाली नाही. वर्षा-सव्वा वर्षाची असेल, अंगाने भरलेली. तिचा डावा कान अर्धा तुटलेला होता. ती कळपाच्या पुढे येऊन उभी राहिली आणि त्याच्याकडे रोखून पाहत तिने पुढचा पाय जमिनीवर आपटला. लांडग्यासमोर मेंढी पाय आपटते, तसा.

तिच्या कपाळावर पांढरी चंद्रकोर होती.

नामाजीच्या हातातील काठी गळून पडली. ही चंद्रकोर त्याने पाहिलेली होती. गेल्या वर्षी, निघण्याच्या दिवशी, शेवटच्या धुगधुगीत असलेले एक कोकरू त्याने तंगडीला धरून ओघळीत नेऊन टाकले होते. मरणारच आहे, वाड्यात मरून इतरांना रोग कशाला लावील, असा त्याने विचार केला होता. ते ओरडत होते. मागे वळून न पाहता तो सडकेवर गेला होता आणि ट्रकमध्ये बसला होता.

“ही कुठून आनली?” त्याने मागे येऊन उभ्या राहिलेल्या कौशल्याबाईला विचारले. उत्तर ठाऊक असूनही विचारले.

“ओघळीतून,” कौशल्याबाई म्हणाली. “तुमची गाडी गेली अन् हिचं ओरडनं आलं. जाऊन पाह्यलं तं मोकाट कुत्र्यानं कान धरलेला. पदरात घालून आनली. बाटलीनं पाजली, उशाशी घेऊन निजले. जगली. मंग गिरनीत जाऊ का दवाखान्यात, ही आपली मागं. मी काय हाक शिकले न्हाई. कानतुटी माझ्या मागं येती, अन् बाकीची कानतुटीच्या मागं.”

एवढे बोलून तिने पडलेली काठी उचलली आणि ती चालू लागली. कानतुटी तिच्यामागे गेली. तिच्यामागे पन्नास मेंढरे एखाद्या ओढ्यासारखी वाहत गेली आणि नामाजी रिकाम्या वाड्यात एकटा उभा राहिला. आपण ज्याला कचऱ्यात लोटले, त्याच जिवाने आपला कळप राखला, हा विचार त्याच्या मस्तकात मावेना. तो तेथेच लेंड्यांत बसला.

कितीतरी वेळाने तो उठला. त्याने पेटी भरली. परंतु जाण्यापूर्वी एक गोष्ट सांगितल्यावाचून जाणे त्याला शक्य होईना. म्हणून पेटी हातात घेऊनच तो धरणाच्या काठी आला. मेंढरे पाणी पिऊन ओलसर गवतावर विसावली होती.

“जातो,” तो म्हणाला.

“जेवून जा.”

“येक सांगायचं हाय.” तो तिच्यापासून दूर, धोंड्यावर बसला. “परत आलो ते काहून, इचारलं न्हाईस.”

“काहून आलात?”

“निर्मल गावाच्या पुढं रस्त्यात मेंढरं आडवी आली. येक म्हातारा व्हता संगं. संतराम हॉर्न वाजवून राहिला. मी खिडकीतून त्या म्हाताऱ्याला शिव्या दिल्या. हटव म्हनलं तुझी घान. मी म्हनलो, कौशल्ये. माझ्या तोंडून.” तो थांबला. “गाडी पुढं घेतली संतरामनं. चाकाखाली येक आलं. मला कळलं. खालून दनका बसला. थांब म्हनायचं व्हतं. म्हनलो न्हाई. आरशात पाह्यलं तं म्हातारा रस्त्यात बसलेला दिसला, मंग वळन आलं.”

कौशल्याबाईने हातातील काठी गवतावर ठेवली.

“मेंढी व्हती का कोकरू?”

“न्हाई म्हाइत.”

“उतरून पाहायचं व्हतं.”

“व्हय.”

तिने दोष दिला नाही आणि समजूतही घातली नाही. नामाजीला वाटले होते की बोलल्याने भार हलका होईल. तो हलका झाला नाही. उलट, आता तो दोघांच्या मध्ये ठेवलेला दिसू लागला.

थोड्या वेळाने ती उठली. “पेटी उघडा. तो वासाचा साबन काढा.”

त्याने तो दिला. तिने साबण धरणाच्या पाण्यात लांब भिरकावला. नंतर आपल्या खांद्यावरची घोंगडी, जिच्यात वर्षभराचा घाम, दूध, लेंड्या आणि धूर मुरलेला होता, ती तिने त्याच्या अंगावर टाकली.

“बूट काढा. तितं जाऊन बसा, मेंढरांत. हाक द्यायची न्हाई, हालायचं न्हाई.”

“अन् काय करू?”

“कोकरू काय करतं? बांधलेलं राहतं. मेंढीला वाटलं तर घेती.”

नामाजीचा चेहरा शरमेने लाल झाला. परंतु तो उठला आणि अनवाणी पायांनी कळपात जाऊन बसला. मेंढरे बाजूला सरली. ऊन डोक्यावर आले. घोंगडीखाली त्याच्या अंगातून धारा वाहू लागल्या. दूरवर नानांना भाकरी घेऊन येताना त्याने पाहिले. नानांनी त्याला पाहिले आणि ते नुसतेच म्हणाले, “कौशल्ये, दूध चोळलं का न्हाई त्याला?”

“त्येवढं राह्यलं,” ती म्हणाली.

दुपार कलताना कानतुटी आली. तिने घोंगडीचा काठ हुंगला, पुन्हा हुंगला, आणि मग नाक त्याच्या हातापाशी नेले. तो तोच हात होता, तंगडी धरणारा. ती झटकन मागे सरली. ती चार हातांच्या अंतरावर उभी राहिली आणि तेथेच चरू लागली. ती पळाली नाही. त्याहून अधिक काही घडले नाही.

संध्याकाळी कळप परत निघाला. वाटेत सडक ओलांडावी लागते. कौशल्याबाई पुढे, तिच्यामागे कानतुटी, तिच्यामागे कळप, आणि सर्वांत मागे घोंगडी पांघरलेला नामाजी. अर्धा कळप पलीकडे गेला असेल नसेल, तोच वळणावरून एक मालवाहू ट्रक हॉर्न वाजवीत आला. त्याचा वेग नामाजीला आवाजावरूनच कळला. तो वेग त्याला ट्रकच्या आतून ओळखीचा होता.

पुढे काय झाले, ते त्याला स्वतःलाही नीट सांगता येत नाही. तो सडकेच्या मध्यावर उभा होता, त्याचा हात वर होता आणि तो ओरडत होता, “थांब. थांब. थांब.”

चाके किंचाळली. ट्रक त्याच्या छातीपासून दोन हातांच्या अंतरावर थांबला. तापलेल्या इंजिनाची वाफ त्याच्या तोंडावर आली. क्लीनरच्या बाजूच्या खिडकीतून एक डोके बाहेर आले.

“ए मेंढक्या, मरायचं हाय का? हटव तुझी घान.”

नामाजी त्या तोंडाकडे पाहत राहिला. शब्दसुद्धा तेच होते. त्याला राग आला नाही. त्याला भीती वाटली, कारण निर्मलच्या पुढे तशाच खिडकीत तो स्वतःच होता. त्याचा हात तसाच वर राहिला. त्याच्या पाठीमागून उरलेली मेंढरे एकामागून एक जात होती. कोणी त्याच्या पोटरीला घासून गेले, कोणी नाही. त्याने मोजले नाही. शेवटचे पाऊल वाजून थांबल्यावरच त्याने हात खाली केला.

पलीकडे कौशल्याबाई काठी टेकून उभी होती. अनाथ कोकरू तिच्या काखेत होते. तो जवळ आला तेव्हा तिने काठी दिली नाही. तिने कोकरू त्याच्या हातात दिले.

“सोमवारच्या आत भाऊजींना फोन करा,” ती म्हणाली. “म्हनावं, दुसरा मानूस पाहा.”

कोकराच्या अंगाला कालचे दूध अजून चिकटलेले होते. नामाजीने ते घोंगडीत घेतले आणि तो कानतुटीच्या बराच मागे राहून चालू लागला.